दार अरुंद करण्याचे दिवस

कार्तिक जवळ आला की मधमाश्या आपल्याच नरांना घराबाहेर काढू लागतात. सकाळचे ऊन पेटीच्या दारावर तिरपे पडते, तेव्हा हे दृश्य फार नीट दिसते. दोन कामकरी माश्या एका नराला पंखांच्या मुळाशी धरतात, उतरण्याच्या फळीच्या काठापर्यंत ओढत आणतात आणि सोडून देतात. डंख करत नाहीत. त्याच्यावर विष खर्च करण्याची त्यांना गरज वाटत नाही. नर अंगाने जाडा, डोळ्यांनी मोठा आणि आवाजाने भारदस्त असतो. तो खाली पडतो, उडतो, वळसा घालून पुन्हा दारात येतो. कालपर्यंत त्याच्या तोंडात घास देणाऱ्या माश्या आज त्याच्या अंगावरून चालत जातात. थोडे दिवस ही ये-जा चालते. मग पेटीखालच्या गवतात मुंग्यांची रांग दिसू लागते.

घाटावरच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिच्या आवारात हे दर वर्षी घडते आणि दर वर्षी मी त्याची नोंद करते. नोंदीत विशेषणे नसतात. पण दव पडू लागले, सकाळी पेटीचे झाकण हाताला गार आणि किंचित चिकट लागले, की नाकात मेणाच्या वासाबरोबर एक दुसराच वास येतो: कापलेल्या भाताच्या ओल्या पेंढ्याचा, चुलीवर तापलेल्या खोबरेल तेलाचा आणि फुटलेल्या कारिटाचा. हा वास गोव्यातल्या पेडण्याचा, आमच्या घरचा आहे. तिथे थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढायची एक चादर, याहून जास्त काही नसते. तरी माश्यांना ती पुरते.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीचा तो आश्विन. भिंतींवरचे शेवाळ वाळून काळे पडले होते आणि त्यावर चुन्याने लिहिलेल्या मराठी-कोकणीच्या घोषणा अजून ठळक होत्या. रस्त्याच्या कडेला मुलगे कागद आणि पेंढा भरून नरकासुर उभे करत होते. मी म्हापशाच्या कॉलेजातून प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती, मधुमक्षिकापालनाचे प्रशिक्षण पुरे केले होते आणि आमच्या कुळागरात, माड-पोफळींच्या सावलीत, माझ्या पेट्या मांडल्या होत्या. पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या, म्हणजे मुंग्या चढू नयेत. काजूला मोहोर येईपर्यंत त्या वसाहती भरभक्कम व्हायला हव्या होत्या. पुढच्या शिक्षणासाठी मला दाखवण्याजोगे एवढेच काम होते, आणि घाट चढून जाण्याचा माझा निश्चय झाला होता.

थंडीआधी पेटीची जी तयारी करावी लागते, तिला लोक काळजी घेणे म्हणतात. तो शब्द मला कधी पटला नाही. पावसाने खंगलेली वसाहत वाचवायची म्हणजे आधी काय वाचवायचे नाही, हे ठरवावे लागते. जुनी काळी पोळी कापून टाकायची, कारण त्यांत मेणकिडा जाळी विणतो. दोन दुबळ्या वसाहती एक करायच्या, आणि एक करण्यापूर्वी त्यांतली कमी प्रतीची राणी मारायची. मग साखरेचा पाक द्यायचा. शेवटी पेटीचे दार लाकडाच्या पट्टीने अरुंद करायचे, इतके की राखणीला थोड्या माश्या पुरतील. अरुंद दारामुळे आतली ऊब टिकते आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही.

या कामात मला घरातून एकच मदतनीस मिळाली, माई. माई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका तरुणपणीच गेले होते आणि तेव्हापासून घर तिच्या मुठीत होते. करवंटीची दवली हातात घेऊन ती जेवण वाढायची, आणि दवली कुणाच्या ताटावर किती कलली यावरून त्या माणसाची घरातली जागा कळत असे. कामाच्या माणसाला भाताचा दुसरा ढीग, आजाऱ्याला पेज. आटलेल्या म्हशीला तिने कधी पेंड घातली नाही. माझ्यातली अभ्यासक कॉलेजने घडवली, असे माझ्या प्राध्यापकांना वाटे. त्यांनी माईला पाहिले नव्हते.

त्या आश्विनात मी पहिली राणी मारली तेव्हा माई शेजारी धुराची करवंटी धरून उभी होती. मी चौकट उन्हाकडे वळवली, राणी शोधली, अंगठा आणि तर्जनी यांत घेतली आणि दाबली. अगदी बारीक आवाज झाला.

"दुखता गो तिका?" माईने विचारले.

"सांगूक येवचा नाय," मी म्हणाले.

"दुखलां तरी काय," माई म्हणाली. "अंडी घालणा नाय, मगे रवान काय करतली? पुढली काढ."

शाणूकाका आदल्या महिन्यात घरी आला होता. तो बाबांचा धाकटा भाऊ. वास्कोला बंदरावर नोकरीला होता. ती सुटली, की त्याने सोडली, हे शेवटपर्यंत कळले नाही. चवथीला आला आणि गणपतीचे विसर्जन होऊन गेले तरी राहिला. उंच, केस मागे वळवलेले, आणि आवाज असा की मागच्या दारी बोलला तर रस्त्यावर ऐकू जाई. जत्रेच्या नाटकात वर्षानुवर्षे राजाची भूमिका त्याचीच. सोप्यावरच्या आरामखुर्चीत तो बसला की खुर्ची सिंहासन वाटे, आणि घरातली बाकीची माणसे आपोआप दरबारी होत. मला तो आवडत असे. सर्वांनाच आवडत असे. माईचे म्हणाल तर तिने आपले मत त्याच्या ताटात दाखवले. दवली हळूहळू कमी कलू लागली.

"वयनी, शीत इतक्याच?" तो विचारी.

"कापणीक गेललंस?" माई विचारी.

"माका राजाची तालीम आसता. राजान विळो धरलो तर प्रजेन काय धरूचा?"

आई हसे, मी हसे. माई हसत नसे. भाषेच्या वादात गावचे दोन्ही पक्ष त्याला आपला माणूस समजत, कारण तो दोघांच्याही सभेत टाळ्या घेणारे भाषण करी. बाबांनी एकदा चिडून विचारले, "तू मेल्या नक्की खंयच्या बाजूचो?" त्यावर तो गंभीर होऊन म्हणाला, "दादा, माका दोनूय भाशेंनी भूक लागता."

फणसाखालची पेटी माझी सर्वांत चांगली पेटी होती. राणी तरुण, अंड्यांची नक्षी दाट, वरच्या कडेने मधाचा जाड पट्टा. तो मध मी काढला नव्हता. तो माझा नव्हताच. थंडीत फुलोरा नसताना माश्यांनी स्वतः खायचा तो साठा होता. एका सकाळी मी झाकण उघडले आणि वरचा पट्टा चाकूने कापून नेलेला दिसला. पिल्लांच्या कोठ्याही अर्ध्यातून चिरल्या होत्या. पांढऱ्या अळ्या तळाशी पडून चिरडल्या होत्या. आदल्या संध्याकाळी तालमीच्या मंडळींना शाणूकाकाने पावाचे उंडे आणि ताजा मध खाऊ घातला, हे दुपारपर्यंत गावभर झाले होते. राजाने दिलेल्या मेजवानीचे कौतुक करायला दोघे जण घरीही येऊन गेले.

मी त्याला एवढेच सांगितले की त्याने साठा नेला आहे आणि ही पेटी आता उपाशी आहे. त्याचा चेहरा खरोखर उतरला. त्याला वाईट वाटत असे. ते त्याला फार सहज आणि मनापासून वाटत असे. पुढे जे झाले ते त्या मनापासूनच्या वाईट वाटण्यामुळे झाले.

मी म्हापशाला साखर आणायला गेले. शुक्रवारचा बाजार, बसस्थानकावर गर्दी, परतीच्या पावसाने बसला उशीर. तेवढ्या वेळात काकाने भरपाई करून टाकली होती. आमच्याकडे उन्हातून कुणी दारात आले की त्याला आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या देतात. ओळख नंतर विचारतात. काकाने माश्यांना तोच मान दिला. माडाचा काळा गूळ, घरातला सर्वांत चांगला, त्याने पाण्यात विरघळवला आणि वाटी भरून पेटीत ठेवली. मी परतले तेव्हा तो फणसाखाली उकिडवा बसून होता.

"बघ गो डॉक्टरीण बाय, कश्यो पितत बघ! तुझी ती कारखान्याची साखर नाय. घरचा गोड. पावण्यांका दितत तां."

"काका, गूळ त्यांका पचणा नाय."

"सगळ्यांका पचता. माका पचता."

मी वाटी उचलून गूळपाणी ओतून दिले, पण माश्यांनी तोवर पोटे भरली होती. पांढरी साखर त्यांच्या पोटात पूर्ण जिरते. काळ्या गुळात जे उरते ते त्यांना बाहेर जाऊन टाकावे लागते. आणि बाहेर पाऊस लागला होता. तो परतीचा पाऊस उघडायला तयार नव्हता. माश्या आत अडकल्या. ऊन पडले तेव्हा पेटीच्या दर्शनी फळीवर तपकिरी ओघळ होते, पोळ्यांवर तेच, आणि त्यातच माखलेल्या माश्या एकमेकींवर रांगत होत्या. काहींची पोटे फुगली होती, त्यांना उडता येत नव्हते. घरात न घाण करणारा तो प्राणी आहे. मरतानाही तो बाहेर जाऊन मरतो. त्याला काकाने आपल्याच घाणीत मरायला लावले होते, आणि तेही पाहुणचाराने. मी आणि माईने ती पेटी परसात नेऊन जाळली. मेण जळताना फार सुंदर वास येतो.

काका लांब पोफळीला टेकून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. माई त्याच्याकडे बघत होती. ती नजर मला ओळखीची होती. चौकट उन्हाकडे वळवताना माझी असते ती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेटीवर नरांना बाहेर काढणे सुरू झाले होते. माई दवाने ओल्या पायरीवर बसून बराच वेळ पाहत राहिली.

"ह्या जाड्यांका कित्याक भायर काढतत?"

मी सांगितले. नरांचे काम विणीच्या दिवसांत; एरवी ते मध गोळा करत नाहीत, पोळे बांधत नाहीत, राखण करत नाहीत, त्यांना नांगीसुद्धा नसते. सुगी असते तोवर त्यांना पोसतात. आता साठ्यावर दिवस काढायचे.

"मारीत नायत?"

"मारीत नायत. घास दिवचा बंद करतत, आणि दारात हाडून सोडतत."

"आणि काय पेट्येंनी त्ये रवतत, थंडयेत सुद्धा?"

"रवतत. पण त्या पेटयेत राणी नसता, नायतर संपत इलेली आसता. भायर काढा म्हणून कोणाक सुचणा नाय. नर मजेत आसले म्हणजे पेटी मायाळू आसा असा समजूचा नाय. ती मरूक लागली असा समजूचा."

माईने मान हलवली. एखाद्या हुशार माणसाने दुसऱ्या हुशार माणसाचे ऐकावे तशी.

दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे न्हाऊन आल्यावर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. छोटे, हिरवे, दिसायला गोंडस फळ. आत जहर कडू. फोडून त्याची बी जिभेला लावायची आणि मगच गोडधोड. काकाने त्या दिवशी ते राजासारखे फोडले: छाती पुढे, गर्जना, आणि उडालेला रस माझ्या परकरावर. अंगाला तेलाचा वास, नवा सदरा, केस मागे. लांब कुठेतरी नरकासुर जळत होते आणि धुराची पट्टी भाताच्या खळ्यांवर आडवी पसरली होती. या सकाळी भाऊबंद एकमेकांच्या घरी पोहे खायला जातात. ज्याला बोलावणे नाही, त्याचे नाते संपले असे न बोलता समजतात.

आत पाट मांडले होते. पुढे केळीची पाने. त्यांवर गुळातले, दुधातले, ताकातले, बटाट्याचे पोहे. बाबा खाणीच्या कचेरीतून सुटी घेऊन आले होते, ते बसले. मी बसले. काका उभाच होता. तो हसला.

"वयनी, एक पाट कमी पडलो."

"पडूक नाय," माई म्हणाली.

"मगे माका खंय बसयतलंस?"

"तू जंय रवतलंस थंय."

काकाने माझ्याकडे पाहिले. तो मूर्ख नव्हता. "ह्या बायच्या माशांचा शिक्षण काय गो वयनी?"

"माशो कोणाक उगाच डंख मारीत नायत," माई दवली न थांबवता म्हणाली. "बाय, मारतत काय गो?"

"नाय," मी म्हणाले. ते खरे होते.

आईने एका पानावर पोहे काढून घडी घालायला घेतली. माई मागे न बघता म्हणाली, "पान खाली ठेव." आईने ठेवले. बाबांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्यांनी ताकातले पोहे दुसऱ्यांदा मागितले, आणि माईने त्यांना भरपूर वाढले.

काका गेला नाही, म्हणजे लगेच गेला नाही. तो सोप्यावर उभा राहिला. वाड्यावरचे लोक पोहे खायला येऊ लागले तसा तो त्यांचे स्वागत करू लागला. "या, या, बसा, वयनीन ताकातले केलेत, खावन बघा!" लोक हसत आत जात, खात, तोंड पुसत बाहेर येत, आणि त्याला सांगत की पोहे झकास झालेत. त्याने खाल्ले की नाही हे कुणी विचारले नाही. घरच्या माणसाला कोण विचारतो? दोनदा तो उंबऱ्यापर्यंत आला. दोनदा माई दारात आडवी उभी राहून कुणाशी तरी बोलत होती. दुपारी त्याने पिशवी घेतली आणि डिचोलीकडे जाणारी बस धरली. आवाज न चढवता, शिवी न देता हे पार पडले. गावात आजही लोक म्हणतात की माई आयुष्यात कुणाला लागेल असा शब्द बोलली नाही.

मग मी पट्ट्या ठोकल्या आणि पेट्यांची दारे अरुंद केली. उरलेल्या वसाहती उत्तम तगल्या. काजू मोहोरला तेव्हा माश्यांचा घोंगाट रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. माझे काम पाहायला लोक आले, आणि त्या कामावर मी घाट चढले. काका डिचोलीला खनिजाच्या ट्रकांच्या तळावर राखण करतो आणि तिथल्याच पत्र्याखाली झोपतो, असे कळत राहिले. कुणी सांगे, त्याच्या अंगावरची लाल धूळ आता धुऊनही जात नाही. जत्रेत राजा दुसरा झाला. त्याचा आवाज लहान होता. पण तो कापणीला जात असे.

या वर्षी दिवाळीला मी घरी गेले. माईचे काही खरे नाही, एवढेच आईने फोनवर सांगितले होते. रस्त्याच्या वळणावरच मला तो आवाज ऐकू आला, आणि मी चालीचा वेग कमी केला. सोप्यावरच्या आरामखुर्चीत शाणूकाका पाय वर घेऊन बसला होता. केस पांढरे, पण मागे वळवलेले. मांडीवर पोह्यांचे ताट.

"ये गो डॉक्टरीण बाय! बघ, माका आता कोण ऊठ म्हणना नाय!"

तो किती दिवस इथे होता कोण जाणे. बाबा निवृत्त होऊन दिवसभर रेडिओ ऐकतात. जो येईल त्याला आई वाढते. स्वयंपाकघरात दवली दिसली नाही. स्टीलचा डाव होता. परसात माझी एकच पेटी उरली होती, फणसाखालच्या जुन्या जागी. पायाखालच्या वाट्या कोरड्या होत्या. दाराची पट्टी कुणी लावली नव्हती.

माई माजघरात खिडकीजवळच्या बाजेवर होती. हात तेवढे तसेच, मोठे. ते चादरीवर कसलीतरी शिते वेचत होते. तिने मला ओळखले नाही. बाहेर काका हसला तसे तिने डोके उचलले.

"कोण आयलो गो?"

"शाणूभावजी," आई म्हणाली.

"शाणू?" माईच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेले मऊ हसू आले. "ताका वाढ गो. भुकेलो आसतलो. माझ्या बाजूक पाट घाल ताका, पोराक."

भिंती पातळ आहेत. सोप्यावरचे हसणे थांबले. मी दारात आले तेव्हा काकाचा घास हातातच राहिला होता. तो माझ्याकडे बघत होता, त्या दिवशी पाटापाशी बघितले होते तसाच.

"असा बोलूची नाय ती," तो हळू म्हणाला. एवढ्या हळू बोलताना मी त्याला कधी ऐकले नव्हते. "हय पाय ठेवलो तेव्हापासून वाट बघतंय, आता माका भायर काढतली, मगे काढतली म्हणून." त्याने ताट जमिनीवर ठेवले आणि हळूच लांब सरकवले. "ती नाय गो आता हय. खरां मा?"

"खरां," मी म्हणाले.

मी परसात गेले. ऊन पेटीच्या दारावर तिरपे पडले होते. जाडे, मोठ्या डोळ्यांचे नर फळीवर निवांत आत-बाहेर करत होते, आणि त्यांना कुणीही अडवत नव्हते. मी झाकण उघडले नाही.